आधी शाळा, मग रस्ता, शेवटी प्लॉट: जळगाव-धुळ्याजवळ लहान मुलांसह राहायला जागा निवडताना

जळगावला किंवा धुळ्याला नोकरी लागली, घरात तीन-चार वर्षांचं मूल आहे, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्लॉट पाहिला का? बहुतेक कुटुंबांची सुरुवात इथूनच होते आणि घोटाळाही इथूनच सुरू होतो. हायवेलगत स्वस्त प्लॉट घेतला जातो, घर बांधून होतं, मग जवळच्या शाळेची चौकशी होते. ती मनासारखी नसली की सहा वर्षांचं पोर रोज दोन वेळा पाऊण-पाऊण तास व्हॅनमध्ये बसतं. भाड्याचं घर महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं, प्लॉटही विकता येतो. तिसरी-चौथीतल्या मुलाची शाळा बदलणं मात्र सगळ्या घराला जड जातं. म्हणून जे बदलायला सर्वांत कठीण ते आधी ठरवा: शाळा. मग तिथून नोकरीच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता. घर त्यानंतर.

नोकरी कुठल्या अंगाला आहे ते नकाशावर मांडा

मुंबईसारखी दर पाच मिनिटांनी लोकल इथे नाही. त्यामुळे शहर ओलांडून रोज पलीकडे जाण्यापेक्षा, नोकरी ज्या अंगाला आहे त्याच अंगाला राहणं सोपं पडतं.

जळगावची एमआयडीसी पूर्वेला, अजिंठा चौफुलीपासून पुढे आहे. तिथे काम असेल तर कुसुंबा, नशिराबाद, मेहरूण ही बाजू बघा. बांभोरीकडे, म्हणजे विद्यापीठ किंवा तिथल्या कारखान्यांत काम असेल तर खोटेनगर, निमखेडी, पिंप्राळा किंवा गिरणा नदीपलीकडचं पाळधी. शिरसोली रस्त्याला काम असणाऱ्याने नशिराबादला घर घेतलं तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं. दीपनगरचं औष्णिक केंद्र, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आणि रेल्वेची नोकरी यांच्यासाठी भुसावळच बरं. धुळ्यात अवधान एमआयडीसीसाठी मोहाडीची बाजू जवळ. नरडाण्याला काम असेल तर पांझरा नदीच्या उत्तरेचं देवपूर, वलवाडी, नकाणे रोड बघा, नाहीतर सरळ शिरपूर. शिरपूर तालुक्याचं गाव असलं तरी शिक्षणसंस्थांचं जाळं तिथे मोठं आहे.

राहायच्या जागा मुख्यतः तीन तऱ्हेच्या आहेत. पहिली, महापालिका हद्दीच्या कडेच्या कॉलन्या. दुसरी, पाच ते पंधरा किलोमीटरवरची हायवेची गावं: नशिराबाद, पाळधी, शिरसोली, धुळ्याजवळ फागणे. तिसरी, स्वतःची बाजारपेठ आणि जुन्या शाळा असलेली रेल्वेवरची गावं: भुसावळ, पाचोरा, धरणगाव, अमळनेर, चाळीसगाव.

मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर पहिली तऱ्हा सोयीची. तिसऱ्या तऱ्हेकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. अमळनेरच्या ज्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवत, तशा पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अनुदानित शाळा या गावांमध्ये आहेत. फी नाममात्र, शिक्षक कायम, मैदान मोठं. नोकरी करणाऱ्याला प्रवास करावा लागतो, पण मूल चालत शाळेत जातं. हायवेच्या गावांची बाजू शाळेच्या बाबतीत सर्वांत कमजोर असते. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत, आणि पुढे शहराची बस आलीच.

शाळांची यादी: फलक नव्हे, क्रमांक वाचा

प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला क्रमांक, असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे: नंदुरबार ०१, धुळे ०२, जळगाव ०३. म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या शाळेचा क्रमांक २७०३ ने सुरू होणार. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युअर स्कूल' या भागात हा क्रमांक टाकला की शाळा कोणत्या वर्गापासून कोणत्या वर्गापर्यंत आहे, व्यवस्थापन कोणाचं, शिक्षक किती, हे दिसतं. शाळेच्या कार्यालयाने क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर पुढे वेळ घालवू नका.

इथे तीन सापळे आहेत.

'सीबीएसई पॅटर्न' हा फलक त्यातला सर्वांत मोठा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्न शाळेला सीबीएसई मंडळाचा सात अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्रात तो ११३ ने सुरू होतो आणि मंडळाच्या 'सारस' संकेतस्थळावर शोधता येतो. नुसत्या 'पॅटर्न'वाल्या शाळेत पुस्तकं दिल्लीची आणि मान्यता राज्याची असते, किंवा पहिली ते पाचवीची राज्य मान्यताही अर्धवट असते. आठवी-नववीत मंडळाच्या नोंदणीची वेळ आली की पालकांना दुसरी शाळा शोधायला सांगतात.

दुसरा सापळा बालवाडीचा. नर्सरी, केजी सुरेख, पण पहिलीची मान्यताच नाही. 'पुढच्या वर्षी येणार आहे' हे उत्तर धरून प्रवेश घेऊ नका. मान्यतेच्या पत्रावर आज कोणत्या वर्गापर्यंत लिहिलं आहे तेवढंच खरं.

तिसरा सापळा वयाचा. राज्य मंडळाच्या शाळेत पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चपर्यंत. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल राज्याच्या शाळेत यंदा पहिलीत बसतं, केंद्रीय विद्यालयात बसत नाही. बदलीची नोकरी असेल तर नर्सरीतच हा हिशेब करून ठेवा, नाहीतर पुढे एक वर्ष वाया जातं.

माध्यमाबद्दल थोडं सविस्तर. जळगाव-धुळ्यात सेमी-इंग्रजी हा मधला मार्ग चांगला रुळलेला आहे: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. घरात इंग्रजी बोलणारं कोणी नसेल तर पूर्ण इंग्रजी माध्यमापेक्षा हा मार्ग मुलाला झेपतो, असं आमचं मत. मात्र 'सेमी' कुठल्या वर्गापासून सुरू होतं ते विचारा. काही शाळांत पहिलीपासून, काहींत पाचवीपासून, काहींत थेट आठवीपासून. आठवीत एकदम गणिताची परिभाषा बदलली की बरीच मुलं शिकवणीला जुंपली जातात. मराठी विषय २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे, त्यामुळे 'आमच्याकडे मराठी नसतं' असं कोणी सांगितलं तर शाळेला नियम ठाऊक नाही असं समजा. घरात अहिराणी किंवा लेवा बोली असेल तर पहिलीच्या बाईंना ती कळते का हेही विचारून घ्या. पहिल्या सहा महिन्यांत पोरगं 'मला पाणी पाहिजे' हे कुठल्या भाषेत सांगतं यावर त्याचं वर्गात रमणं अवलंबून असतं.

शाळेत चालू दिवशी जा

स्नेहसंमेलनाच्या दिवशी नको, उन्हाळी सुट्टीतही नको. डिसेंबर-जानेवारीतला साधा मंगळवार-बुधवार गाठा आणि शाळा सुटायच्या अर्धा तास आधी फाटकाशी उभे राहा. मुलं कशी बाहेर पडतात, व्हॅनमध्ये किती कोंबली जातात, मुख्याध्यापक दाराशी असतात की नाही, हे अर्ध्या तासात कळतं.

आत गेल्यावर हे विचारा:

- एका तुकडीत किती मुलं? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मागे एक, असं प्रमाण आहे. खासगी शाळेत एका वर्गात ५५-६० मुलं दिसली तर फी कशाची देतो हा प्रश्न पडायला हवा.
- गेल्या वर्षीचे किती शिक्षक यंदा आहेत? कमी पगाराच्या विनाअनुदानित शाळांत शिक्षक दर जूनला बदलतात. इमारत, एसी, स्मार्ट बोर्ड यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.
- पहिलीत किती मुलं आणि सातवीत किती? पहिलीत ८० आणि सातवीत २२ असतील तर पालक मध्येच का निघून जातात ते शोधा.
- मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे? सांगितलेलं ऐकू नका, बघा. नळाला पाणी आहे का तेही.
- वर्गांवर पत्रा आहे की स्लॅब? मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या वर्गात शिकणं होत नाही. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो.

दहावीचा निकाल विचारू नका असं नाही, पण त्यावर जागा ठरवू नका. नववीतच कच्ची मुलं बाजूला काढून शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळा असतात. त्यापेक्षा चौथीच्या एखाद्या मुलाला त्याच्याच पुस्तकातलं न शिकवलेलं पान वाचायला सांगा. शाळेने हरकत घेतली नाही आणि मुलाने अडखळत का होईना वाचलं, तर ती शाळा यादीत ठेवा.

फीबद्दल: २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे येते आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. शेवटच्या दोन ठरावांची प्रत मागा. डोनेशन आणि पहिलीसाठी मुलाची किंवा पालकांची 'मुलाखत' या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे. वर्षाचा खर्च काढताना फीसोबत व्हॅन, गणवेश, ठरावीक दुकानातूनच घ्यायला लावलेल्या वह्या-पुस्तकं आणि सहलीही धरा. व्हॅनचं भाडं बहुधा दहा महिन्यांचं घेतात. बारा महिन्यांचं मागणारेही आहेत.

पत्त्यावर काय काय ठरतं

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या, २५ टक्के जागांसाठी घर ते शाळा अंतर मोजलं जातं. आधी एक किलोमीटरच्या आतले, मग तीनच्या आतले. ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची खूण स्वतः लावावी लागते. ती चुकून गल्लीपलीकडे पडली तरी पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृत हवा आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. स्टॅम्पपेपरवर नुसता नोटरी केलेला करार चालत नाही, आणि दर वर्षी कित्येक अर्ज इथेच अडकतात. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. वंचित घटकात जातीचा दाखला पुरतो, उत्पन्नाची अट नाही.

नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिचा नियम घर निवडताना फार कमी लोकांच्या डोक्यात असतो. जळगाव जिल्ह्याचं नवोदय विद्यालय भुसावळजवळ साकेगावला आहे. सहावीचा प्रवेश पाचवीत दिलेल्या परीक्षेवर होतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ग्रामीण ठरायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. नवोदय मनात असेल तर ग्रामपंचायत हद्दीतली चांगली शाळा सोडून तिसरीत शहरात आणण्याआधी दहादा विचार करा. आज ग्रामपंचायत असलेलं गाव उद्या नगर परिषद किंवा महापालिकेत जाऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. केंद्रीय विद्यालयं भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या वसाहतींत आहेत. तिथे पहिला मान बदलीच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना. खासगी नोकरीवाल्याने त्या भरवशावर घर घेऊ नये.

रस्ता: सकाळी सव्वासातला आणि पावसात

गुगलवर रविवारी दुपारी दिसणारी १८ मिनिटं विसरा. सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला दुचाकीवर जाऊन बघा आणि संध्याकाळी सहाला परत या. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अवजड वाहतूक मोठी आहे. पाळधीकडून येणाऱ्याची मोठी मदार बांभोरीच्या गिरणा पुलावर असते. तिथे एक ट्रक बंद पडला की रांग लागते. तरसोद-पाळधी बायपास आपल्या घराच्या कुठल्या अंगाने जातो आणि त्यावर चढायला जागा कुठे आहे ते प्रत्यक्ष पाहा. घर आणि शाळा हायवेच्या विरुद्ध बाजूंना असतील तर मूल कुठून ओलांडणार? भुयारी मार्ग नसेल तर ते घर यादीतून काढा. चौथीपर्यंत एका बाजूचा प्रवास तीस मिनिटांच्या वर नको, अशी मर्यादा धरा.

व्हॅन लावताना 'आमचा थांबा कितवा?' हे विचारा. सर्वांत आधी चढणारं मूल बहुधा सर्वांत शेवटी उतरतं, आणि त्याचा वेळ इतरांच्या दुप्पट होतो. राज्याच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार पिवळा रंग, परवाना, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि महिला सहायक लागते. गॅसकिट लावलेल्या जुन्या व्हॅनमध्ये बाकडं टाकून चौदा मुलं नेणारे आहेत. स्वस्त पडतं म्हणून पालकच डोळेझाक करतात.

खान्देशातली काळी जमीन कपाशीला चांगली आणि कॉलनीच्या कच्च्या रस्त्याला वाईट. जूनचे दोन पाऊस झाले की आतल्या रस्त्यावर चाक रुतायला लागतं, व्हॅनवाला 'मेन रोडला आणून सोडा' म्हणतो, आणि पुढचे तीन महिने दप्तर, छत्री आणि चिखल घेऊन ती पायपीट आईच्या किंवा आजोबांच्या वाट्याला येते. म्हणून कॉलनी जुलैतच बघा. नदीचंही तसंच. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेच्या पुराने धुळ्यात पूल पाण्याखाली घातले. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. नदीच्या एका तीरावर घर आणि दुसऱ्या तीरावर शाळा असेल तर उंच पूल कोणता आणि तो किती लांब पडतो ते आधी ठरवून ठेवा.

रेल्वेने जाणार असाल तर भुसावळ-जळगाव हे सुमारे २५ किलोमीटरचं अंतर सर्वांत सोयीचं, कारण दोन्ही मुख्य मार्ग तिथे एकत्र असल्याने गाड्या पुष्कळ. पाचोरा-चाळीसगाव मुंबई मार्गावर, धरणगाव-अमळनेर सुरत मार्गावर. धुळ्याहून सध्या रेल्वे चाळीसगावकडेच जाते, त्यामुळे धुळे-जळगाव रोजचा प्रवास म्हणजे एसटी किंवा स्वतःची गाडी. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट किमतीत मिळतो. पास सुपरफास्टला चालवायचा असेल तर अधिभार वेगळा, आणि आरक्षित डब्यात तो चालत नाही. गाड्या किती आहेत हे मोजण्यापेक्षा, तुमची ठरलेली गाडी चुकली तर पुढची किती वेळाने आहे ते पाहा. दीड तासाचं अंतर असेल तर पाळीची नोकरी निभत नाही. मुलं मोठी झाली की कामाला येणारी गोष्ट: ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत निम्मं तिकीट.

घर: पहिलं वर्ष भाड्याने

एक पावसाळा आणि एक मे महिना भाड्याच्या घरात काढा. प्लॉटचा निर्णय त्यानंतर.

पाणी हा इथला खरा कस आहे. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण कडेच्या कॉलनीत ते किती दिवसांआड आणि किती वाजता येतं हे शेजारच्या बाईंना विचारा. घरमालक 'भरपूर' एवढंच सांगेल. हिशेब सोपा: माणशी रोज १३५ लिटर धरले तर चार जणांना ५४० लिटर. आठ दिवसांआड पाणी असेल तर ४,३२० लिटर साठवण हवी, म्हणजे जमिनीखाली ५,००० लिटरची टाकी. गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीवर भागणार नाही. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या. पिण्यासाठी ५०० च्या आत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २,००० ही कमाल मर्यादा. आणि मेमध्ये बोअर आटतो का हेही विचारा. सर्वांत वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडक्यांचं घर भाड्याला स्वस्त का असतं ते एप्रिलमध्ये कळतं.

प्लॉट घ्यायची वेळ आली की चार कागद मागा: चालू सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर लेआउट आणि फेरफार. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असं असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. ५०० चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. क्रमांक संकेतस्थळावर तपासा. शेतजमिनीचा हिस्सा 'नंतर एनए करून देतो' या बोलीवर विकणाऱ्याकडे चहा घ्या आणि निघा. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही आणि कॉलनीचा रस्ता कोणी करत नाही. प्लॉटऐवजी तयार घर घेतलं आणि खरेदीखत पत्नीच्या नावावर केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

वर्षाचं गणित

दिवाळीच्या सुट्टीत यादी आणि यू-डायस तपासणी. डिसेंबर ते फेब्रुवारीत शाळांच्या भेटी. नावाजलेल्या खासगी शाळांचे फॉर्म याच काळात सुटतात. आरटीईचे अर्ज सुरू होण्याआधी भाडेकरार नोंदवून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये घर ठरवा, मेमध्ये सामान हलवा. राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्याला उघडते.

आधीच्या शाळेतून दाखला आणताना त्यावर नाव, जन्मतारीख, जात आणि आईचं नाव जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षरशः जुळतं का ते खिडकीशीच वाचा. 'पाटील'च्या स्पेलिंगमधला एक फरक पुढे दहावीच्या फॉर्मपर्यंत पाठ सोडत नाही. मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे यू-डायस प्लसवरचा कायम क्रमांक, लिहून घ्या आणि जुन्या शाळेने ऑनलाइन नाव सोडलं आहे ना याची खात्री करा. ते सोडलं नाही तर नव्या शाळेत मूल वर्गात बसतं, पण पटावर दिसत नाही. दाखल्याला उशीर झाला तरी आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेला तेवढ्यावरून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. मुख्याध्यापकांनी अडवलं तर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत पालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.